पानिपत १७६१ : युद्धाची कारणे, लढाई आणि माणसांची हानी यांविषयी काय वाचावे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठे आणि अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली यांच्यात झालेल्या पानिपताच्या लढाईवर इतके लिहिले गेले आहे, तर वाचनाची सुरुवात कुठून करावी?

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथापासून करावी. त्यांनी हा विषय आधी १९४६ साली इंग्रजीत मांडला आणि लढाईला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे १९६१ मध्ये, मराठीत विस्ताराने लिहिला. शेजवलकर मते मांडताना हात आखडता घेत नाहीत. त्यांची काही मते आज पटणार नाहीत आणि काही ठिकाणी ते वाचकाला वादात ओढतात. तरीही पैसा, भूगोल, ऋतुमान, राजकारण आणि रणनीती या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी तोलून पाहणारा आणि आधार कुठला हे वाचकाला कळू देणारा दुसरा ग्रंथ मराठीत सहज सापडत नाही. इंग्रजीत वाचणाऱ्यांनी उदय कुलकर्णी यांचे ‘सॉल्स्टिस ॲट पानिपत’ सोबत ठेवावे, कारण मधल्या पन्नास वर्षांत जमा झालेले साहित्य त्यात आले आहे.

कोणत्याही पुस्तकाकडे वळताना तीन प्रश्न मनाशी धरावेत, असा आमचा आग्रह आहे. हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि त्यात तलवार न धरलेल्या माणसांना किती जागा मिळाली? तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पानिपतावरचे निम्मे लेखन दोष कोणाचा या एकाच खटल्यात अडकून पडले, त्याचे मोठे कारण हेच आहे.

मी विश्वास पाटील यांची कादंबरी वाचली आहे. तेवढे पुरेसे नाही का?

१९८८ साली आलेल्या ‘पानिपत’ कादंबरीने हा विषय घराघरांत नेला. पानिपतावरचे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांना ‘गर्विष्ठ सेनापती’ या दोन शब्दांत उडवून लावण्याची सवयही तिने बऱ्याच अंशी मोडली, आणि हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. मात्र कादंबरीतले संवाद, मनातले विचार आणि प्रसंगांची जुळणी ही लेखकाची निर्मिती असते. एखादे वाक्य भाऊंनी खरोखर उच्चारले होते का, असे विचारणारी पत्रे आम्हाला वारंवार येतात. बहुतेक वेळा त्याचे उत्तर एवढेच असते की ते कादंबरीत आहे, कागदात नाही. गोविंदाग्रजांच्या ‘पानिपतचा फटका’ या कवितेलाही हेच लागू पडते. ती पाठ असावी, पण पुरावा म्हणून पुढे करू नये.

बखरींवर कितपत विश्वास ठेवावा?

बखर टाकून देऊ नये आणि एकटी वाचूही नये. ‘भाऊसाहेबांची बखर’ परंपरेने कृष्णाजी शामराव यांच्या नावावर सांगितली जाते. मराठी गद्यातल्या उत्तम कृतींमध्ये तिची गणना होते, आणि तिच्या भाषेचा जोर असा आहे की वाचक तिला सहज साक्षीदार मानू लागतो. बुराडी घाटावर जखमी होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांना शत्रूपक्षाच्या कुतुबशहाने केलेला प्रश्न आणि त्यांचे ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापर्यंत आले ते बखरींच्या परंपरेतून. ते शब्द नेमके तसेच उच्चारले गेले असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी तिथे पडले ही गोष्ट मात्र पक्की आहे, आणि तो प्रसंग महाराष्ट्राच्या मनात कसा रुतून बसला हेही त्या शब्दांतून कळते.

रघुनाथ यादवाची ‘पानिपतची बखर’ वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून लिहिली गेली, आणि गोपिकाबाई म्हणजे पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांच्या आई. कोवळ्या वयात मारल्या गेलेल्या मुलाची हकीकत त्याच्या आईने लिहवून घ्यावी, तेव्हा लिहिणाऱ्याची लेखणी कुठे थांबेल, कुठे लांबेल आणि काय गाळील याचा विचार वाचकाने करायचा असतो. अलंकार, पौराणिक उपमा, फुगवलेले आकडे यांना खोटेपणा म्हणण्यापेक्षा ती सांत्वनाची भाषा आहे असे समजून वाचले, तर ही बखर अधिक काही देते.

त्या काळातली अस्सल पत्रे उपलब्ध आहेत का?

आहेत, आणि पानिपत समजून घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्यांतूनच जातो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तोच मुळी पानिपताच्या आधीच्या दशकातील पत्रांचा. ग्रँट डफचा इतिहास १८२६ सालापासून प्रमाण मानला जात होता. त्याला कागदपत्रांच्या आधारे उत्तर देता येते, हे त्या खंडाने आणि त्याच्या प्रदीर्घ प्रस्तावनेने दाखवले. पुढे १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांतले काही खंड उत्तरेकडील राजकारण आणि पानिपत यांनाच वाहिलेले आहेत.

या पत्रांचे मोल कशात आहे? पत्र लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो. बखरकाराला आणि इतिहासकाराला १४ जानेवारी हा लढाईचा दिवस ठाऊक असतो, म्हणून त्यांच्या लेखनात आधीची प्रत्येक हालचाल त्या दिवसाकडे घरंगळत गेल्यासारखी दिसते. १७६० च्या पावसाळ्यातली भाऊंची पत्रे काढून पाहा. त्यांत यमुनेला पाणी किती आहे, नावा कुठे जमवता येतील, इटाव्याकडे पूल बांधता येईल का, उत्तरेतले वसुलीचे अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांनी वसुलाचा पैसा अजून का पाठवला नाही, असे रोजचे आणि जीव खाणारे प्रश्न आहेत. परतूडहून मार्चमध्ये निघालेली फौज ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत पोहोचते. तिथे पैसा नाही, म्हणून दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागतात. या कृतीवर नंतर पुष्कळ टीका झाली. पण आधीच्या महिन्यांतली पत्रे ओळीने वाचणाऱ्याला ते छत उतरवण्यामागची घालमेल समजते. कुंजपुरा घेतल्याचा ऑक्टोबरमधला आनंद आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडल्याची बातमी, ही दोन टोके पत्रांत जितकी जवळ आहेत तितकी एकाही ग्रंथात वाटत नाहीत.

नवख्या वाचकाने पत्राची तारीख आणि ठिकाण आधी पाहावे, नकाशा शेजारी ठेवावा, आणि मायन्यातील औपचारिक मजकूर ओलांडून मुद्द्याच्या ओळीवर यावे. दहा-बारा पत्रे वाचून झाली की भाषा सवयीची होते. काही पत्रांच्या तारखा संपादकांनी अनुमानाने लावलेल्या आहेत आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्या बदलल्याही आहेत, एवढी सावधगिरी पुरे.

युद्धाची खरी कारणे कोणती? कोणते पुस्तक ती नीट सांगते?

‘अटकेपार झेंडे लावले म्हणून अब्दाली चिडला’ हे शाळेतले उत्तर अपुरे आहे. धागा निदान १७५२ पर्यंत मागे न्यावा लागतो. त्या वर्षी झालेल्या करारात मोगल बादशहाचे आतल्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांनी घेतली, आणि त्याबदल्यात मोठी रक्कम व काही प्रांतांतले हक्क मिळायचे ठरले. करारातला पैसा पूर्णपणे कधीच हाती आला नाही, जबाबदारी मात्र मानगुटीवर बसली. १७५७ मध्ये अब्दालीने दिल्ली लुटली, मथुरा-वृंदावनात कत्तल केली आणि तो परत गेला. १७५८ मध्ये रघुनाथराव लाहोरला पोहोचले. ही मोहीम दिसायला दैदीप्यमान होती, पण तिने पुण्याच्या खजिन्यावर कर्जाचा डोंगर ठेवला आणि पंजाबात टिकून राहील अशी व्यवस्था उभी केली नाही.

याच काळात नजीबखान रोहिला हाती आला असता त्याला सोडून देण्यात आले, आणि त्यामागे मल्हारराव होळकरांचा शब्द होता. अब्दालीला पुन्हा बोलावणारा, त्याला अन्नधान्य व पैसा पुरवणारा आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला याला त्याच्या बाजूला वळवणारा माणूस तोच ठरला. दुसरीकडे जयपूर आणि मारवाडच्या वारसाहक्काच्या भांडणांत मराठ्यांनी खंडणीसाठी केलेल्या हस्तक्षेपामुळे राजपूत राजे दुरावले होते. संकटाच्या वेळी उत्तरेतला एकही मोठा राजा भाऊंच्या पाठीशी उभा राहिला नाही, यामागे आपल्याच वीस वर्षांच्या वसुलीचा इतिहास आहे. हे मराठी वाचकाला कडू लागते, पण वगळता येत नाही.

दिल्लीच्या दरबाराच्या बाजूने हा काळ पाहायचा असेल तर जदुनाथ सरकार यांच्या मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाचा दुसरा खंड वाचावा, आणि पुण्याच्या बाजूने सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’ वाचावी. दोघांचा परस्परांशी दीर्घ स्नेह होता, तरी एकाच घटनेचे त्यांनी काढलेले अर्थ किती वेगळे आहेत हे ताडून पाहण्यासारखे आहे.

हे हिंदू-मुसलमान युद्ध होते का?

धर्माच्या नावाने हाका दिल्या गेल्या, हे खरे आहे. नजीबखानाने अब्दाली आणि शुजा या दोघांना आपल्या बाजूने आणताना ती भाषा वापरली, आणि दिल्लीचे शाह वलीउल्लाह यांनी अब्दालीला लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे. पण रणांगणावर कोण कोठे उभे होते ते पाहा. मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारद्याच्या हाती होते, आणि तो अखेरपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. समोर शुजाच्या फौजेत अनूपगिरी गोसाव्याचे नागे लढवय्ये होते. लढाईनंतर भाऊ आणि विश्वासराव यांच्या देहांवर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून शुजाच्या गोटातूनच खटपट झाली. धर्म हे एक कारण होते, ते एकमेव होते असे म्हणणारे पुस्तक या माणसांचे काय करते ते तपासावे.

लढाईच्या दिवसाची वर्णने एकमेकांशी का जुळत नाहीत?

प्रत्येक साक्षीदार मैदानाच्या एकेका कोपऱ्यात उभा होता. काशिराज पंडित हा सर्वांत जास्त उद्धृत केला जाणारा साक्षीदार. तो दक्षिणी ब्राह्मण, पण शुजाच्या पदरी होता. त्याने आपली हकीकत सुमारे वीस वर्षांनंतर फारसीत लिहिली आणि अठराव्या शतकातच तिचे इंग्रजी भाषांतर झाले. मराठी वाचकाला तो घरचा वाटतो, त्यामुळे तो शत्रूच्या गोटातून पाहत होता हे विसरले जाते. शुजाची फौज त्या दिवशी प्रत्यक्ष झुंजीत फारशी पडली नाही, म्हणजे मराठ्यांच्या बाजूचे काशिराजाचे वर्णन बरेचसे ऐकीव आहे. भाऊंची शेवटची चिठ्ठी मात्र त्याच्याच हाती आली होती. पेला काठोकाठ भरला आहे, आता एक थेंबही मावणार नाही, काही होत असेल तर करा, नाहीतर स्पष्ट सांगा, अशा अर्थाची ती चिठ्ठी आहे. ती वाचताना अडीच महिन्यांच्या कोंडीतली उपासमार एका माणसाच्या शब्दांत समोर येते. मुहम्मद जाफर शामलू हा अब्दालीच्या बाजूचा साक्षीदार. एलियट आणि डाऊसन यांच्या आठव्या खंडात त्याचे उतारे मिळतात. नजीबखानाचे चरित्र लिहिणारा नूरुद्दीन हा नजीबला मोठा करतो, हे गृहीत धरून वाचावा.

ढोबळ क्रम सर्वांना मान्य आहे. सकाळी इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली, मध्यभागी हुजुरातीने, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेने, अब्दालीचा वजीर शाह वलीखान याला मागे रेटले, दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे होते. मग अब्दालीने राखीव फौज आणि उंटांवरच्या जंबुरक्या (लहान तोफा) पुढे आणल्या, विश्वासरावांना गोळी लागली, आणि उपाशी माणसे व उपाशी घोडी यांच्यात दुसरा हल्ला झेलण्याचे बळ उरले नाही.

लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली हे खरे का?

नाही. त्या दिवशी बुधवार होता आणि तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. संक्रांत १४ जानेवारीला येते हा आपल्या काळचा अनुभव आहे. अयनचलनामुळे ती हळूहळू पुढे सरकते, आणि १७६१ च्या सुमारास ती १० जानेवारीच्या आसपास येत असे. विवेकानंदांचा १८६३ सालचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी होती, हे आठवले तर हिशेब पटतो.

नेमकी किती माणसे मारली गेली?

ठाम आकडा कोणीही देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे आधार मागावा. काशिराज मराठ्यांच्या छावणीत एकूण पाच लाख माणसे होती असे लिहितो. हा आकडा बहुतेक अभ्यासकांना अतिशयोक्त वाटतो. सरकार यांच्या हिशेबाने प्रत्यक्ष लढणारी मराठी फौज सुमारे ४५ हजार आणि अब्दालीची सुमारे ६० हजार होती. शेजवलकरांचा हिशेब वेगळा आहे. हे अंदाज एकमेकांशेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. वाद प्रामुख्याने लढणाऱ्यांच्या संख्येचा आहे. न लढणाऱ्यांची मोजदाद तेव्हाही कोणी ठेवली नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत वाद घालण्याइतकेही साधन हाती नाही.

छावणीतले ‘बुणगे’ म्हणजे नेमके कोण? त्यांच्याविषयी कुठे वाचता येईल?

या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त जागा देतो, कारण त्याचे उत्तर एकाच पुस्तकात मिळत नाही.

छावणी म्हणजे चालते गाव होते. वाणी, तेली, लोहार, सुतार, नालबंद, शिंपी, भिस्ती, पखालजी, गवत कापणारे, मोतद्दार, माहूत, स्वयंपाकी, भिक्षुक, वैद्य, सावकारांचे गुमास्ते, हमाल आणि या सगळ्यांची बायकामुले फौजेबरोबर चालत. शिवाय काशी-प्रयागची यात्रा घडेल या आशेने आलेले यात्रेकरू होते, कारण सशस्त्र फौजेच्या सोबतीइतका सुरक्षित प्रवास त्या काळी दुसरा नव्हता. अठरा वर्षांच्या नाना फडणवीसांबरोबर त्यांच्या मातुःश्री आणि पत्नी होत्या, त्याही याच हेतूने. बायका आणि जड सामान ग्वाल्हेरीस किंवा जाटांच्या किल्ल्यांत ठेवून सडी फौज पुढे न्यावी असा सल्ला भरतपूरच्या सूरजमल जाटाने दिला होता, असे जुन्या हकीकती सांगतात. तो मानला गेला नाही.

बखरीत आणि अनेक आधुनिक ग्रंथांतही या माणसांचा उल्लेख ओझे म्हणून येतो. बुणग्यांमुळे फौज मंदावली, बुणग्यांमुळे रसद संपली. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ते खरे असेल, पण इतकेच सांगून थांबणारे पुस्तक अपुरे आहे असे आमचे मत आहे. काशिराज एक प्रसंग देतो. उपासमार असह्य झाल्यावर छावणीतली हजारो नि:शस्त्र माणसे रात्री रानात दाणावैरण आणि लाकूडफाटा आणायला बाहेर पडली, अब्दालीचा सरदार शाहपसंदखान याच्या स्वारांनी त्यांना गाठले आणि वेढून कापून काढले. दुसरा प्रसंग जानेवारीतला आहे. दिल्लीहून छावणीसाठी रुपये घेऊन एक तुकडी निघाली, एकेका स्वाराजवळ पैशाची पिशवी बांधलेली होती. अंधारात वाट चुकून ती अब्दालीच्या छावणीत शिरली, आपलेच लोक आहेत असे समजून स्वार मराठीत बोलले, आणि त्या बोलीवरून ओळखले जाऊन मारले गेले. लढाईच्या वर्णनात हा प्रसंग दोन ओळींत उरकला जातो. खरे तर तो सबंध मोहिमेचे दुखणे सांगतो : अन्न-पैशाची एकेक पिशवी जिवापलीकडे झाली होती.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी कैद्यांची कत्तल झाली. काशिराजाने ऐकलेला मारल्या गेलेल्या कैद्यांचा आकडा ४० हजारांच्या घरात आहे. तो कमी करून घेतला तरी, कत्तल झाली आणि ती थंड डोक्याने झाली याविषयी दोन्ही बाजूंच्या साक्षी एकमुखी आहेत.

नानासाहेब पेशव्यांना ही बातमी भेलशाच्या मुक्कामी कळली ती सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहोरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती कोण आणि मोहोरा कोण यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. खुर्द्यावर, म्हणजे सामान्य माणसांवर, एक स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. त्यासाठी लागणारे तुकडे पत्रांत, इनामांच्या आणि नुकसानभरपाईच्या कागदांत, कुलवृत्तांतांत विखुरलेले आहेत. आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत काढून ‘पानिपतावर कामी आले’ किंवा ‘पानिपतापासून पत्ता नाही’ अशी नोंद आहे का ते पाहावे.

स्त्रियांची हकीकत कुठे सापडते?

फार थोडी, आणि तीही बहुतेक पुरुषांच्या लेखनात. नाना फडणवीसांच्या आत्मवृत्तात रणांगणातून निसटण्याची, वेश टाकून वाट काढण्याची आणि आईची ताटातूट झाल्याची हकीकत आहे. पत्नी पुढे सुखरूप भेटली, आई भेटली नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची ही भीती एवढ्या साधेपणाने लिहिली गेली आहे की पानिपतावरच्या सगळ्या साहित्यात आम्ही ती पाने आधी सुचवतो. पुढे मराठी राज्याचा कारभार वर्षानुवर्षे चालवणारा मुत्सद्दी तो हाच मुलगा.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मल्हाररावांच्या लोकांबरोबर सुखरूप आल्या, पण भाऊंचा मृत्यू त्यांनी मानला नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. त्या १७६३ मध्ये वारल्या. पुढे भाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला आणि त्याला १७७६ साली देहदंड झाला. लोकांनी त्या तोतयाला पाठिंबा का दिला असेल याचा विचार केला, तर ज्यांची माणसे परत आली नव्हती आणि मेल्याची खात्रीही नव्हती अशी किती घरे महाराष्ट्रात असतील याची कल्पना येते. ज्या शेकडो-हजारो बायका आणि मुले गुलाम म्हणून नेली गेली, त्यांच्यापैकी कोणाचेही स्वत:चे निवेदन आपल्या हाती नाही.

वाचलेल्यांना कोणी आधार दिला?

सूरजमल जाटाने. दिल्लीतच मतभेद होऊन तो मराठ्यांपासून वेगळा झाला होता, तरी पानिपताहून उघड्यावाघड्या, जखमी अवस्थेत आलेल्या हजारो माणसांना त्याने आणि त्याच्या राणीने अन्न, वस्त्र, औषधपाणी दिले आणि पुढे ग्वाल्हेरकडे सुरक्षित पोहोचवले. बाजीरावांचे पुत्र समशेर बहाद्दर त्याच्याच मुलखात जखमांनी गेले. महादजी शिंद्यांना पायावर घाव बसला होता. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दूर नेले, आणि महादजींनी त्याला आयुष्यभर भावासारखे वागवले. एका भिस्त्याने वाचवलेल्या या माणसाने दहा वर्षांनी दिल्लीत मराठ्यांचा दबदबा पुन्हा बसवला.

मग दोष कोणाचा? भाऊ, मल्हारराव की गोविंदपंत?

राजवाडे यांनी मल्हारराव आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यावर कडक ठपका ठेवला. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की गोविंदपंत हे मूळचे वसुलीचे अंमलदार होते, उतारवयात त्यांना शत्रूची रसद तोडण्याच्या कामावर लावले गेले आणि त्याच कामात डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. मल्हारराव रणांगणातून निघून गेले हे खरे, आणि त्यांच्याबरोबर पार्वतीबाईंसह बरीच माणसे वाचली हेही खरे. भाऊंनी उत्तरेत पूर्वी मोहीम केली नव्हती, पण त्यांना पाठवण्याचा निर्णय पुण्यात झाला होता, आणि त्यांच्यामागून ज्या फौजेची व पैशाची वाट पाहिली गेली ती वेळेवर पोहोचली नाही. आम्हाला नानासाहेबांच्या त्या सहा महिन्यांतल्या दिरंगाईचा वाटा नेहमी सांगितला जातो त्याहून मोठा वाटतो. शेजवलकरांचे नानासाहेबांविषयीचे कठोर प्रकरण वाचून प्रत्येकाने स्वत: ठरवावे.

हरियाणातले रोड मराठा आणि बलुचिस्तानातले बुगटी मराठे पानिपतावरच्यांचे वंशज आहेत का?

त्या समाजांत तशी परंपरा किंवा तसा दावा आहे, आणि त्यांच्याविषयी महाराष्ट्रात मोठी आस्था आहे. इतिहासकारांत यावर एकमत नाही. कैद करून अफगाण मुलखाकडे नेलेली माणसे वाटेत बलुच टोळ्यांकडे राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. एखादे पुस्तक हे सिद्ध झाल्यासारखे मांडत असेल तर त्याचा आधार कोणता ते पाहावे. दाव्याकडे सावधपणे पाहणे म्हणजे त्या समाजांच्या भावनेचा अनादर करणे नव्हे.

हे साहित्य कुठे मिळते?

राजवाडे यांचे खंड, पेशवे दप्तरातील निवडी आणि ग्रँट डफ यांच्या जुन्या आवृत्त्या स्वामित्वहक्कातून मुक्त झाल्याने स्कॅन केलेल्या स्वरूपात इंटरनेटवर उपलब्ध आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात हे सर्व एका छताखाली मिळते, आणि अप्रकाशित मोडी कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत. मोडी शिकण्याचे अल्पमुदतीचे वर्ग अनेक शहरांत चालतात. गावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांतही रियासतीचे खंड आणि बखरींच्या आवृत्त्या बऱ्याचदा मागच्या कपाटात असतात. कर्मचाऱ्यांना पुस्तकाचे नाव सांगून विचारावे, कारण ही पुस्तके सूचीत अनेकदा ‘संकीर्ण’ विभागात नोंदलेली असतात. बखरींची संपादित आवृत्ती घेताना संपादकाची प्रस्तावना आणि तळटीपा शाबूत आहेत ना ते पाहून घ्यावे. अलीकडच्या काही स्वस्त पुनर्मुद्रणांत त्या गाळलेल्या आढळतात, आणि तळटीपांशिवाय बखर वाचणे नवख्या वाचकाला जड जाते.